काडीमामांचा एक शब्द

शाळेत त्यांना काडीमामा म्हणत. काडी म्हटलं की लोकांच्या मनात भलतंच येतं. दोघांत भांडण लावून देऊन बाजूला उभा राहणारा माणूस. मामांच्या हातून तसली काडी उभ्या आयुष्यात लागली नाही. ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते आणि शाळेच्या आवारात रोज काडी ओढायची मुभा असलेला तो एकच माणूस होता, म्हणून हे नाव. मुलांनी ठेवलं आणि पुढे पगारपत्रक सोडून सगळीकडे तेच चिकटलं.

ते आले होते काचा धुवायला. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, बशा. पहिलं वर्षभर त्यांनी धुण्यापलीकडे कशाला हात लावला नाही. त्या वेळी रसायन शिकवायला जे सर होते त्यांना मुलं गंधकसर म्हणत, कारण त्यांच्या कोटाला कायम तो वास असे. गंधकसर बोलायला कंजूष. वर्गात बोलून बोलून घसा संपायचा आणि मामांच्या वाट्याला नुसत्या माना यायच्या. मान उजवीकडे गेली की मॅग्नेशियमची फीत द्यायची. भुवई वर गेली की बर्नर बारीक करायचा. टेबलावर दोन बोटं वाजली की दिव्यावर टोपी घालायची. एकवीस वर्षं दोघांनी असा संसार केला, आणि मामांची बायको म्हणायची की घरातही तुम्ही मान हलवूनच भाजी मागता.

त्या एकवीस वर्षांत मामांनी विस्तवाचं सगळं शास्त्र पुस्तक न उघडता शिकून घेतलं. हायड्रोजनच्या नळीला काडी दाखवली की ‘ठो’ होतं, पण नळीत हवा किती मिसळली आहे त्यावर तो ठो गोड की कडू ते ठरतं. तापलेली काच आणि गार काच दिसायला सख्ख्या बहिणी, म्हणून उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायची. आणि स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. हे शेवटचं ते मुलांना स्वतःहून सांगत. बाकी त्यांचे स्वतःचे नियम होते. बाह्या कोपरापर्यंत वर. स्पिरिटची बाटली बूच लावून कपाटात गेल्याशिवाय काडी ओढायची नाही. ओल्या गोणपाटाची घडी टेबलाच्या डाव्या टोकाला. आणि ज्योतीवर फुंकर मारायची नाही, टोपी घालायची. या नियमांपायी त्यांच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षांत एका मुलाच्या बोटाला फोड आला नव्हता, आणि याचा मामांना गर्व होता. चांगला घसघशीत गर्व होता. उगाच नाही कशाला म्हणा.

गंधकसर निवृत्त झाले आणि नव्या बाई आल्या. वय सव्वीस, नेमणूक एका वर्षाच्या बोलीवर, काम बरं वाटलं तर कायम. बाई भरभर चालायच्या, भरभर बोलायच्या आणि मुलांना प्रश्न विचारून उत्तराची खरोखर वाट बघायच्या. मामांना त्या आवडल्या. फक्त एक अडचण झाली. बाईंना माना कळत नव्हत्या. मामांनी भुवई उडवली की त्या विचारत, “काय मामा, डोळ्यात काही गेलं का?” त्यामुळे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मामांना प्रयोगशाळेत बोलायला शिकावं लागलं.

चार महिने सुरळीत गेले. मग आठवीला ज्योतीचे रंग दाखवायचा दिवस आला.

चिनीमातीच्या पाच बशा मांडल्या. प्रत्येकीत थोडं स्पिरिट आणि चिमूटभर क्षार. मिठाची ज्योत पिवळी, मोरचुदाची हिरवी, बाकीच्या लाल, जांभळ्या. प्रयोग देखणा आणि म्हणूनच लबाड. मामांनी पाचही बशांत मोजून ओतलं आणि बाटली कपाटाकडे नेऊ लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, “असू दे मामा इथेच. एखादी लवकर संपली तर मुलांचा हिरमोड होईल.”

मामा थांबले. नाही म्हणायला हवं होतं. पण शिक्षकाला सर्वांदेखत नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि मान हलवून ते बाईंना कळणार नव्हतं. बाटली टेबलावर राहिली.

बाईंनी एकेक बशी पेटवली. मुलं बाकांवर गुडघे टेकून उभी राहिली. पिवळी झाली, हिरवी झाली, टाळ्या झाल्या. मग ढग सरकला असावा. खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं आणि चौथ्या बशीतली ज्योत दिसेनाशी झाली. बाईंना वाटलं मंदावली. त्या वाकून बघू लागल्या. मामा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते, तिथून त्यांना बशीवरची हवा थरथरताना दिसली. बशी जळत होती आणि बाईंची बाही तिच्यापासून वीतभर होती.

मामा ओरडले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मान डोलावली, बाटलीचं बूच काढलं आणि बशीत स्पिरिट ओतलं.

ज्योत धारेवरून बाटलीत चढली. बाटली बाईंच्या हातून टेबलावर पडली आणि निम्मं टेबल पेटलं. पुढचं सगळं मामांच्या हातांनी केलं, डोक्याला विचारलंच नाही. गोणपाट टेबलावर, दुसरं गोणपाट बाईंच्या हातावर, मुलं मागच्या दाराने बाहेर. मुलांपैकी कुणाला काही झालं नाही. बाईंचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी दोघांचे जबाब घेतले. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते, पण घड्याळ आणि कागद या दोनच गोष्टींवर त्यांचा विश्वास होता. त्यांना कागदावर उत्तर हवं होतं: पेटत्या बशीत स्पिरिट का ओतलं?

बाई म्हणाल्या, “मामा ओरडून म्हणाले, वाढवा. मला वाटलं ज्योत वाढवायची आहे. म्हणून ओतलं.”

मामांना विचारलं. मामा म्हणाले, “नाही सर. मी विझवा म्हणालो.”

हे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. त्यांना स्पष्ट आठवत होतं: ज्योत दिसली, बाही दिसली, आणि आपण विझवायला सांगितलं. माणूस जळत्या बशीकडे बघून वाढवा कशाला म्हणेल? पुढच्या बाकावरच्या मुलांना विचारलं, तर एक म्हणाला मामा ‘पळा’ म्हणाले, दुसरा म्हणाला ‘बाई’ म्हणाले, तिसऱ्याला फक्त धडाम आठवत होतं. एकीकडे एकवीस वर्षं आणि दुसरीकडे चार महिने. मुख्याध्यापकांनी जबाबावर मामांची सही घेतली.

बाई मामांकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. हा माणूस खोटं बोलतो आहे, हे कळल्यावर डोळ्यांत जे येतं ते तिच्यात होतं. मामांना ती नजर फार लागली. आपण खरं सांगितलं तरी ही बाई आपल्याकडे असं का बघते, हे कोडं घेऊन ते घरी गेले.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी संस्थेची बैठक ठरली. निकाल सगळ्यांना आधीच माहीत होता: सूचना दिलेली असताना निष्काळजीपणा केला म्हणून बाईंना महिनाअखेर मोकळं करायचं.

गुरुवारची सकाळ. मामांच्या घरच्या स्वयंपाकघरात तीन माणसं मावत, चौथं आलं तर एकाने बाहेर जायचं. मामांची आई खिडकीशी स्टुलावर बसली होती, बायको डबा भरत होती आणि मामा चहाची वाट बघत उभे होते. दूध वर आलं.

आई म्हणाली, “अरे वाढव, वाढव तो गॅस! दूध चाललं!”

मामांनी बटण फिरवून गॅस बंद केला. दूध खाली बसलं. काहीच विशेष घडलं नव्हतं. ही म्हातारी आयुष्यभर असंच म्हणत आली होती. पेटलेल्या दिव्याला विझव म्हणू नये, ते अभद्र वाटतं, म्हणून दुकानदार दुकान बंद करताना जसं ‘दुकान वाढवलं’ म्हणतो तसं तिच्याकडे दिवा वाढवायचा. कंदील गेले, गॅस आला, बल्ब आले. म्हातारी बल्बसुद्धा वाढवायची.

बायको हसली. “अहो, मी नवी होते तेव्हा काय फजिती झाली होती माझी. सासूबाई म्हणाल्या, सूनबाई, कंदील वाढव. आमच्याकडे असलं काही नव्हतं. मी आपली वात वर केली, चांगली भरपूर. काच काळीठिक्कर, आणि वर तडकली. सासूबाई म्हणाल्या, पोरगी वेडी आहे की बहिरी?”

“बहिरी नव्हतीस,” आई म्हणाली. “वेडीचं अजून बघतेय मी.”

दोघी हसत होत्या. मामा गॅसच्या बटणावर हात ठेवून तसेच उभे होते.

बायकोने वळून बघितलं. “काय झालं?”

“मी वाढवाच म्हणालो,” मामा म्हणाले.

त्यांनी आयुष्यात शाळेत तो शब्द वापरला नव्हता. गंधकसरांबरोबर शब्दच लागत नव्हते आणि मुलांशी ते पुस्तकातलं बोलत. पण माणूस घाबरला की तोंडातून घरचीच भाषा येते. शब्द निघाला आईचा आणि मामांच्या ध्यानात राहिला तो त्याचा अर्थ. त्या अर्थाखाली त्यांनी सही करून दिली होती.

बायकोला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, “सांगाल तर तुमची प्रयोगशाळा जाईल.”

“जाईल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

मामांनी डबा उचलला. त्या दिवशी ते शाळेत गेले, काचा धुतल्या, मुख्याध्यापकांच्या खोलीवरून चार वेळा गेले आणि चारही वेळा पुढे गेले. हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना भीती वाटली. प्रयोगशाळेतला प्रत्येक खिळा त्यांनी ठोकला होता, कुठल्या कपाटाचं दार उचलून लावावं लागतं ते फक्त त्यांना माहीत होतं, आणि ते सगळं एका शब्दापायी द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. संध्याकाळी घरी बायकोने विचारलं, “सांगितलं?” मामा म्हणाले, “उद्या.” ती म्हणाली, “मी वात वर केली तेव्हा मला महिनाभर बोलणी बसली. तिची तर नोकरी चाललीय. उद्या म्हणजे उद्याच.”

शुक्रवारी शाळा भरायच्या आधी ते बाईंच्या खोलीवर गेले. बाई एकट्या राहत. दार त्यांनी डाव्या हाताने उघडलं. उजव्याला कोपरापर्यंत पट्टी होती आणि टेबलावर डाव्या हाताने लिहिलेला अर्ज होता, दुसऱ्या कुठल्या शाळेसाठी. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं वेडंवाकडं आलं होतं.

मामांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आई, गॅस, बायकोचा कंदील. सांगताना त्यांचं त्यांनाच ते इतकं पोरकट वाटलं की शेवटी ते म्हणाले, “बाई, हसू नका.”

बाई हसल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि त्यांना रडू फुटलं.

“म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं,” त्या म्हणाल्या. “मामा, नऊ दिवस मला वाटतंय, एक तर तुम्ही खोटे किंवा मला भास झाला. तुम्ही खोटे असाल हे पटेना. मग राहिलं काय? मला वेड लागलं, एवढंच.”

“चूक माझी,” मामा म्हणाले. “बाटलीही मीच राहू दिली.”

“बाटली मी ठेवायला सांगितली. ती माझ्याकडे राहू दे.”

दोघं मिळून मुख्याध्यापकांसमोर उभी राहिली. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मामा, तुमचं मन मोठं आहे, ते मला माहीत आहे,” ते म्हणाले. “पण बाईंना वाचवायला असली गोष्ट? वाढव म्हणजे विझव? उद्या म्हणाल, ये म्हणजे जा.”

“तसंही म्हणतोच की सर,” मामा म्हणाले. “निघताना तुम्ही ‘येतो’ म्हणता. जातो कुठे म्हणता?”

मुख्याध्यापकांना ते आवडलं नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, “सर, आठवीला विचारा. काय विचारतोय ते सांगू नका, नुसतं विचारा.”

तिघं आठवीच्या वर्गात गेली. मुलं उभी राहिली, बसली. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. “तुमच्या घरी दिवा बंद करायचा असला की काय म्हणतात?”

मुलांना वाटलं यात काहीतरी गोम आहे. मग हळूहळू उत्तरं यायला लागली. विझव. मालव. बंद कर. शांत कर. घालव. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “आमच्याकडे कुणी काही म्हणत नाही सर, लाइट आपली आपण जाते.” वर्ग खिदळला. बाई फळ्यावर डाव्या हाताने एकेक शब्द लिहीत होत्या. सात-आठ झाले आणि थांबलं. मुख्याध्यापकांनी मामांकडे बघितलं. मामा जमिनीकडे बघत होते.

मग खिडकीजवळची एक मुलगी अर्धवट उठली. “सर, आमची आजी वाढव म्हणते.”

“म्हणजे काय करायचं?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“विझवायचा,” मुलगी म्हणाली. तिला प्रश्नच विचित्र वाटला असावा. तिच्या मागून आणखी एका मुलाने हात वर केला. “आमच्याकडेपण सर. आधी मला वाटायचं मोठा करायचा.”

शनिवारच्या बैठकीत बाईंवरचा ठपका गेला. बाटलीबद्दल ताकीद मिळाली, तेवढीच. पण आता कागदावर मामांचे दोन जबाब होते, एकात विझवा आणि दुसऱ्यात वाढवा, आणि दोन्हींखाली एकच सही. मुख्याध्यापक म्हणाले, “मामा, मला सगळं पटलंय. पण फाइलला पटवता येत नाही.” मामांना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर आणि तासाच्या टोलावर नेमलं. किल्ल्या त्यांनी स्वतःच टेबलावर ठेवल्या, आणि कुठल्या कपाटाचं दार उचलून लावावं लागतं ते नव्या माणसाला दाखवून आले.

फाटकावर दुःख असं नव्हतं, नुसता वेळ होता. टोलाचं काम त्यांनी इतकं चोख केलं की गावातल्या दुकानदारांनी आपली घड्याळं त्यावर लावली. पण फाटकाजवळच प्रयोगशाळेची खिडकी होती, आणि महिना झाला तरी त्या खिडकीतून ना कसला धूर आला ना कसला आवाज. बाईंची पट्टी निघाली होती. एका मधल्या सुट्टीत त्या फाटकाशी आल्या.

“बाई, नववीचा हायड्रोजन झाला का?” मामांनी विचारलं.

“झाला. फळ्यावर.”

मामांनी तोंड वाईट केलं. फळ्यावरचा हायड्रोजन म्हणजे काय असतो, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

बाई म्हणाल्या, “काडी ओढायला घेते आणि हात मागे येतो. मुलांसमोर फार लाज वाटते.”

“येऊ दे मागे. ज्याचा हात मागे येत नाही त्याच्या हातात मी काडी देणार नाही.” मग ते म्हणाले, “सगळं मांडा, बाटल्या कपाटात टाका, आणि मग हवा तेवढा वेळ घ्या. मुलं कुठे पळून चालली आहेत?”

पुढच्या मंगळवारी तिसऱ्या तासाला मामांना खिडकीत हालचाल दिसली. मुलं बाकांवर उभी होती. टेबलावर स्टँडच्या चिमट्यात उलटी धरलेली नळी, बाजूला घडी केलेलं गोणपाट. बाईंच्या उजव्या हाताची कातडी अजून गुलाबी होती आणि त्या हातात काडी होती. बाईंनी ती पेटवली, पण नळीपाशी नेता नेता विझली. दुसरी घेतली. तिचा गुल उडाला. वर्गात कुणी हसलं नाही.

मामांनी घड्याळ बघितलं. तास संपला होता. त्यांनी टोलाचा दांडा उचलला होता, तो तसाच हातात राहिला. आता टोल पडला की पोरं दप्तरं उचलणार, चौथ्या तासाचे गणिताचे सर दारात येणार आणि बाई नळी खाली ठेवणार. आज खाली ठेवली की परत उचलतील याचा भरवसा मामांना वाटेना.

समोर व्हरांड्यात मुख्याध्यापक बाहेर आले. त्यांनी मनगट वर करून घड्याळ बघितलं, मग मामांकडे बघितलं. मामा हलले नाहीत. एक मिनिट गेलं. मुख्याध्यापक पायऱ्या उतरून अंगणातून यायला लागले. बाईंनी तिसरी काडी ओढली. या वेळी हात नळीपर्यंत गेला.

ठो झाला. चांगला गोड ठो. पाठोपाठ नववीच्या पन्नास पोरांची आरोळी आली, आणि “बाई, परत! बाई, परत!”

मुख्याध्यापक फाटकाशी पोहोचले. “मामा, दोन मिनिटं झाली.”

“हो सर,” मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही. “मुद्दाम थांबवलं. लिहून घ्या, सही करतो.”

मुख्याध्यापकांनी खिडकीकडे बघितलं. आत बाई दुसरी नळी भरायला घेत होत्या.

“आणखी दोन थांबा,” ते म्हणाले.